लोव्हेलाच्या हसण्याचा फ्लेक्स

एप्रिलचं ऊन सातलाच टाळकं तापवत होतं, आणि वारा पडलेला. वारा पडला की मासळी सुकत नाही, उकडते. म्हणून मिनियांग पहाटेपासून बांबूच्या ताटव्यांवरची तारली उलटत होती, दुसऱ्या हातानं झावळी हलवून माशा हाकलत होती. बांतायान बेटाच्या या किनाऱ्यावर एकवीस वर्षं तिचं हेच चाललेलं. मासा पाठीतून चिरायचा, मिठाच्या पाण्यात बुडवायचा, मांडायचा, उलटायचा. नवरा कधीचाच दूर मिंदानाओ बेटावर दुसरी चूल मांडून बसला होता. कुणी त्याचं विचारलं तर म्हणायची, "तोही वाळला असेल कुठेतरी," आणि स्वतःच खो खो हसायची.

त्या दिवशी तिचं कामात ध्यान नव्हतं. गावातून फ्लेक्स छापून यायचा होता. तिच्या एकुलत्या लेकीनं, लोव्हेलानं, दहावीत मानाची श्रेणी काढली होती. असं पोर ज्या घरात निपजतं त्या घरावर त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागतोच. नाही लावला तर लोक म्हणतात, आईला पोरीचं कौतुक नाही.

लोव्हेलानं आईला, तिच्या 'नाय'ला, बजावलं होतं, "नाय, शाळेतला फोटो दे हं, समारंभाच्या गाऊनमधला."

मिनियांगनं हो हो म्हटलं आणि छापणाऱ्याला आपल्या मोबाइलमधला लाडका फोटो पाठवून दिला. ताटव्यांशी उकिडवी बसलेली लेक, दोन्ही हात मासळीत, आणि पडजीभ दिसेल इतकं तोंड उघडून हसतेय. शाळेतल्या फोटोत पोरगी पुतळ्यासारखी ताठ होती. या फोटोत ती स्वतः होती.

दारावरचा फ्लेक्स पाहून लोव्हेलाचा चेहरा उतरला. "काढ तो."

"अगो, किती गोड हसतेयस बघ तरी!"

"काढ ना, नाय."

"सगळा गाव बघून गेला की! आता काढून काय करू?"

शाळा पुन्हा सुरू झाली आणि पोरीचं काहीतरी बिनसलं. दिवसातून तीनदा आंघोळ. आधी साबण, मग लिंबू, मग परत साबण. दंडाची सालटी निघाली. मासा ताटात नको म्हणाली. गणवेश घराजवळ वाळत घालीना, लांब पुरिंगच्या दुकानामागे नेऊन घाली. झोपेत आईचा हात अंगावर पडला तर अलगद उचलून बाजूला ठेवी.

मिनियांगला वाटलं, कुणाच्या तरी प्रेमात पडली असेल. पुरिंग म्हणजे वाडीच्या टोकाची दुकानदारीण, वयानं मोठी, मिनियांगची मानलेली ताई, मानांग. तिनं ते उडवूनच लावलं.

"प्रेमात पडलेली पोर आरशापुढे बसते गो, मोरीत नाही. दृष्ट लागलीय तिला. एवढा थोरला फ्लेक्स लावलास, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वा वा केलं. वा वा करताना एकानं तरी 'पुएरा बुयाग' म्हटलं का, बाधू नये म्हणून?"

"नाही म्हटलं वाटतं, मानांग."

"मग? बाधलं ते कौतुक!"

मिनियांगला पटलं. रविवारी तिनं लेकीला म्हाताऱ्या वैदूकडे नेलं. त्यानं निखाऱ्यांवर धूप आणि पाला टाकला, पोरीला चादरीखाली धुरावर बसवलं. खोकून खोकून ती बेजार झाली, पण बाहेर आली तेव्हा चेहरा कितीतरी महिन्यांनी सैलावलेला होता. मिनियांगनं मनातल्या मनात हात जोडले.

घरी येताना लोव्हेलानं विचारलं, "नाय, धुराचा वास उद्यापर्यंत टिकेल ना?"

"कशाला गो?"

"मग कुणाला दुसरा वास येणार नाही."

मिनियांग रस्त्यातच थांबली. "कसला दुसरा वास? कोण म्हणतं?"

"मोबाइलवर सगळेच लिहितात," म्हणत लोव्हेला पुढे चालत राहिली.

मिनियांग तशीच पुरिंगच्या दुकानावर गेली. तिथं नाणं टाकलं की नेट देणारी पेटी आहे. "शाळेतली पोरं कुठं काय लिहितात ते दाखवा मला." पुरिंगनं आधी आढेवेढे घेतले, मग मान खाली घालून मोबाइल पुढे केला.

नाव न सांगता काहीही लिहावं असं ते पोरांचं पान होतं. त्यावर दारावरच्या फ्लेक्सचा फोटो. लोव्हेलाचं तोंड कापून ताटव्यावरच्या एकेका तारलीला चिकटवलेलं. शंभरभर लोव्हेला, सगळ्या हसताहेत. खाली लिहिलं होतं, "ही वर्गात आली की मांजरं मागे येतात." "खिडकीशी बसवा रे, वाळू द्या तिला." आणि त्याखाली चारशेवर हसरे चेहरे. हसणाऱ्यांची नावं मात्र दिसत होती. चर्चमध्ये लोव्हेलाच्या शेजारी उभी राहून गाणारी पोर त्यात होती. मामेभाऊ होता. पुरिंगही होती.

"मला वाटलं, गंमत आहे," पुरिंग पुटपुटली. "आपली लोव्हेला दिसली म्हणून दाबलं गो मी."

मिनियांगनं तिच्या हातातला मोबाइल घेतला. तिथंच उभ्यानं, एका बोटानं, पोरांच्या त्या पानावर लिहिलं, "मी तिची आई. फोटो मी निवडला. मासळी माझी, वास माझा. तिला काही बोलू नका. देव तुम्हा सगळ्या लेकरांचं भलं करो."

तिच्या हिशेबी विषय मिटला. लेकरंच ती, आईचं ऐकतील.

थट्टा खरं तर विझत आली होती. या चार ओळींनी ती पुन्हा पेटली. "मासळीवाली आई पण आली!" "काकू, दोन किलो बांधा!" संध्याकाळपर्यंत हसरे चेहरे दुप्पट झाले.

दुसऱ्या दिवशी लोव्हेला गणवेश घालून निघाली आणि शाळेत पोचलीच नाही. ती सापडली समुद्रात. नांगरलेल्या होड्यांच्या पलीकडे छातीभर पाण्यात उभी राहून वाळूनं मान घासत होती. मिनियांग लुगड्यागत अंगाला चिकटणाऱ्या झग्यानिशी पाण्यात शिरली आणि तिला ओढून घेऊन आली.

"आणखी किती आत जाणार होतीस?"

"माहीत नाही."

हे "माहीत नाही" मिनियांगच्या छातीत रुतलं ते रुतलंच.

सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा सेबू शहरातून डॉक्टरीण येते. ती म्हणाली, ही दृष्ट नाही, नखराही नाही, दुखणं आहे. तापावर देतात तसंच यालाही औषध आहे. वेळ लागेल, आणि तोवर हिला एकटं सोडायचं नाही. शाळेनं ते पान बंद करायला लावलं. आठवड्यात दुसरं उघडलं.

आज औषधाचा अकरावा दिवस. लोव्हेला भिंतीकडे तोंड करून पडलेली. दुपारी तशीच, न वळता म्हणाली, "नाय, खरं सांग. माझ्या अंगाला वास येतो?"

मिनियांग तिच्यापाशी बसली. केस हुंगले, मान हुंगली. "नाही" हा शब्द ओठांपर्यंत आला होता. पण पोरीच्या बाबतीत आणखी एकदा आपल्या मनाचंच करायचा तिला धीर झाला नाही.

"मला कळत नाही गो, इंदाय, माझ्या लेकी. एकवीस वर्षांत माझं नाक मेलंय."

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

"नाही."

लोव्हेलानं चादर बाजूला सारली. मग वळली. डोळे सुजलेले, पण आईच्या तोंडाकडे लागलेले.

"आता तिथं काही लिहू नकोस."

"नाही लिहिणार."

"मला न विचारता काहीच करू नकोस."

"नाही करणार. जेवशील?"

"मासे नकोत."

"भात, आणि अंडं तळते."

"थोडंच."

मिनियांग उठली. लेकीचे पाय दिसत राहावेत म्हणून दार सताड उघडं ठेवलं, आणि अंगणात बसून तांदूळ धुवायला घेतले.