आधी तुझी दाढ

अण्णा, लग्न होऊन मी बेळगावला निघाले, त्या सकाळी आई काळी नदीच्या उतारापर्यंत पोचवायला आली होती. डाव्या गालावर पदर घट्ट दाबलेला. बाकीच्या बाया रडत होत्या. तिला रडायलाही तोंड हलवता येत नव्हतं. "जा. दुकत न्हाई मला," दात न उघडता एवढंच म्हणाली. नाव सुटली आणि मी तिचं खोटं बोलणं बरोबर घेऊन आले.

आपल्या अणशी गावात दाढदुखी हे दुखणंच नव्हतं. लवंग धरायची, काटेरी रिंगणीच्या बिया जाळून तोंडात धुरी घ्यायची आणि भात कापायला जायचं. दाढ उपटली की डोळा जातो, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. सुप्यापर्यंत पायी जंगल, पुढं लोंड्यापर्यंत बैलगाडी, मग बेळगावची रेल्वे. एका दाढेसाठी एवढं कोण जाणार? आणि आईला तर परक्या पुरुषापुढं तोंड उघडायचं म्हणजे मरणच.

माझं घर मात्र दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. धुणं वाळत घालताना त्याचा दरवाजा दिसायचा. माझी वरची दाढ किडली तेव्हा मी काय केलं? लवंगच धरली. सासूबाई म्हणाल्या, "दाढेपायी दवाखाना कशाला?" आणि मला सुटल्यासारखं वाटलं. अशी दोन वर्षं गेली.

मग तू आपल्या आईला घेऊन आलास. जबड्याखाली सूज गळ्यापर्यंत उतरलेली, अंगात ताप, पाजलेलं पाणी ओठांतून परत येत होतं. तसंच तिला दवाखान्यात नेलं.

"पू गळ्याकडे चाललाय," डॉक्टर म्हणाले. "आज दाढ काढली नाही, तर श्वास कोंडेल."

आईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. "न्हाई दावणार."

तू ओरडलास. मी पाया पडले. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. त्या गडबडीत माझा हात नकळत माझ्या गालाकडं गेला, आणि तिनं तो नेमका पाहिला.

"तुजी बी दुकती व्हय?"

मी हात खाली घेतला.

"मग आदी तुजी काड. तुजा डोळा ऱ्हायला तर मी बसीन."

वाद घालायला वेळ नव्हता. मी खुर्चीत बसले. डॉक्टरांनी हिरडीला औषध चोळलं. ते चढायच्या आधीच चिमटा आत गेला. डोक्याच्या आत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. तोंडभर रक्त. आई भिंतीला धरून उठली, दाढेच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून माझा दुसरा डोळा तळव्यानं झाकला आणि बोटं पुढं केली.

"किती?"

"तीन."

"आता?"

"एक."

तिनं पुन्हा विचारलं. माझ्या डोळ्यात वाकून बराच वेळ पाहिलं. मग पदर खाली सोडला, खुर्चीत बसली आणि जेवढं उघडलं तेवढं तोंड उघडलं. माझ्या मनगटावर तिची नखं रुतली. तू बाहेर निघून गेलास, अण्णा, आठवतं का? तिसऱ्या दिवशी तिनं वाटीभर पेज घेतली, तेव्हा कुठं मी तिच्या उशापासून उठले.

आठ दिवसांनी मी म्हटलं, इथंच राहा. "माजं घर तितं हाय. तुजं हितं," ती म्हणाली. दाढ काढली त्यापेक्षा ते जास्त लागलं. पुढं कितीतरी वर्षं ती एका बाजूनं भाकरी चावत सुखानं जगली, पण मी तो राग धरून होते. ती गेल्यावर तर म्हणायचे, आता अणशीत माझं कोण?

परवा वहिनीचा निरोप आला. तुझा गाल सुजलाय, तीन रात्री झोप नाही, आणि तू म्हणतोस, कापणी झाल्यावर बघू. आईच्या वेळी तू बाहेर भिंतीशी उभा होतास. तिनं तोंड उघडलेलं तू पाहिलंच नाहीस.

निरोप ऐकला आणि परातीतलं पीठ तसंच टाकून मी पिशवी भरायला लागले. यांनी विचारलं, कुठं? तोंडातून निघालं, "घरी."

हे पत्र मास्तरांकडून वाचून घे. सोमवारच्या रेल्वेनं मी लोंड्याला उतरते. सुप्याहून बैलगाडी करून तू स्वतः तिथं ये. माहेरपणाला येत नाही, तुला दवाखान्यात न्यायला येतेय. लोंड्याहूनच दोघं बेळगावला परत फिरू.