यशवंतची चोवीस तासांची अट

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याजवळच्या एका संत्र्याच्या बगीच्यात होतो. विहिरीतली मोटर अर्धी वर आली होती. प्रज्ञा म्हणजे माझ्या मित्राची, यशवंत सोमकुवरची मुलगी. "काका, बाबा गेले," एवढंच बोलली. सकाळी ऑफिसला निघताना दारातच कोसळला होता... मी उलट तिच्यावरच रागावलो. परवा तर सौंसरच्या बसस्टँडवर भेटला होता मला! छिंदवाड्याची बस सुटत होती, हा फायलींची पिशवी छातीशी धरून मागं पळत होता. चढला, खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि ओरडला, "दिनू, तुले एक मस्त गोष्ट सांगाची आहे बे!" बस गेली. ती मस्त गोष्ट काय होती, हे आता कुणालाच विचारता येणार नाही. पण खरेदीच्या नियमांबद्दलच असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

यशवंत रामाकोन्याचा, मी पांढुर्ण्याचा. सौंसरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं मी पांढुर्ण्यात पंपांचं दुकान टाकलं आणि तो सौंसरच्या नगरपालिकेत खरेदीचं टेबल सांभाळायला लागला. निविदा, अटी, दरपत्रकं... ज्या कागदांकडं बघून भल्याभल्यांना जांभया येतात, ते वाचून याचे डोळे चमकायचे. आमचा जिल्हा नवा झाला आणि आजूबाजूच्या गावांनी ठरवलं, की पाणीपुरवठ्याचे पंप एकेकट्यानं न घेता सगळ्यांनी मिळून घ्यायचे. कागद करायचं काम अर्थातच यशवंतकडं आलं. त्यासाठी त्याला भोपाळला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथून परतला तो घरी न जाता बसमधून उतरून थेट माझ्या दुकानात! पाणीसुद्धा न पिता त्यानं मला सगळं समजावलं. खरेदी लहान असली की नियम साधे असतात. पण सगळ्यांची मिळून केली की ती मोठी होते, आणि मग आपल्या देशानं दुसऱ्या देशांशी केलेले व्यापार करार पाळावे लागतात, असं पंपांचे पैसे ज्या योजनेतून येणार होते तिच्या पत्रातच लिहिलं होतं. बाहेरचा म्हणून कुणाला अडवायचं नाही. अमुकच कंपनीचा माल हवा असं लिहायचं नाही. आणि नियम चुकवायला मोठ्या खरेदीचे तुकडे तर अजिबात करायचे नाहीत. "आपण त्याईले दार उघडाचं, ते आपल्याले उघडतीन. कागदासमोर सारे सारखे. काय भारी आहे ना बे!" असं म्हणत तो माझ्या काउंटरवर हात आपटत होता, आणि मी वरवर हसत होतो.

कारण ते काम मला हवं होतं. गिऱ्हाईक नागपूरला जायला लागलं होतं, दुकान कसंबसं चाललं होतं. आज मोकळेपणानं सांगतो, निविदेच्या मसुद्यात 'पुरवठादाराचं दुकान जिल्ह्यातच असावं' अशी एक ओळ होती, ती मीच नगरपालिकेच्या एका सदस्याच्या मागं लागून घालून घेतली होती. यशवंतनं ती लाल पेननं उडवली. हे कळल्यावर मी तडक सौंसरला त्याच्या घरी गेलो. म्हटलं, गावागावाचे वेगळे कागद कर, तुकडे लहान झाले की करारच लागणार नाही. आणि हेही सांगितलं, की मे महिन्यात पंप बंद पडला तर तो बाहेरचा माणूस येणार आहे का दुरुस्तीला? शेवटी आपलाच माणूस कामी येतो. यशवंतनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. दुरुस्तीचा मुद्दा बरोबर आहे म्हणाला, वहीत टिपूनही घेतला. मग पेन खाली ठेवलं.

"माहा बाप रामाकोन्यात जन्मला, रामाकोन्यातच मेला," तो म्हणाला. "पण गावात काम वाटाच्या वेळी तो कोनालेच 'आपला' वाटला नाही कधी. म्हनून 'आपला' अन् 'बाहेरचा' हे दोन शब्द मी कागदात येऊ देत नाही, दिनू. तुह्यासाठीबी नाही."

तरी माझा राग गेला नाही, उलट वाढला. वीस-बावीस वर्षांची मैत्री, आणि हा मला नियम शिकवतो!

त्यानं उडवलेल्या ओळीच्या जागी दुसरी लिहिली. बिघाड कळवल्यापासून चोवीस तासांच्या आत नळाला पाणी आलं पाहिजे, वर जाईल त्या प्रत्येक तासाला दंड. दुकान मग कुठंही असो. जाहिरात निघाली आणि यशवंत पांढुर्ण्याला आला तरी माझ्या दुकानावरून जाताना मान वळवेनासा झाला. निविदा चालू असताना तो कुठल्याच पुरवठादाराचा चहा पीत नसे, आणि मीही आता पुरवठादार होतो. निविदा उघडायच्या दिवशी सौंसरच्या सभागृहात काय गर्दी! नागपूरचे, इंदूरचे, गुजरातचे लोक, भिंतीवरच्या पडद्यावर एकेक नाव उमटतंय आणि सगळे श्वास रोखून बसलेले. यशवंत उभा होता, हात मागं बांधून, टाचा वर-खाली करत. दरांच्या यादीत माझं नाव तिसरं आलं. काम इंदूरच्या एका कंपनीला गेलं आणि तिचे पंप तर परदेशात बनलेले! मी त्याच्याकडं न बघता उठलो. अख्खा हिवाळा बोललो नाही.

उन्हाळा तोंडावर आला आणि एके दुपारी त्याच कंपनीचा माणूस माझ्या दुकानाची पायरी चढला. चोवीस तासांची अट त्यांना इंदुरात बसून पाळता येणार नव्हती. मिस्त्री, सामान, गाडी असलेला इथला कुणीतरी त्यांना हवा होता. सगळ्या गावांच्या दुरुस्तीचं काम मला मिळालं! मी मोटरसायकल काढली ती सौंसरलाच थांबवली. जामसांवली फाट्यावर वळणाऱ्या गाड्यांना हॉर्न देत, वेड्यासारखा. त्याच्या टेबलासमोर जाऊन विचारलं, "तुले माहीत होतं ना हे?"

"मले एवढंच माहीत होतं का पानी चोवीस तासात आलं पाहिजे," तो म्हणाला. "कोन आनते, ते माह्या कागदात नाही." आणि मग एवढा मोठ्यानं हसला, की बाजूचे बाबू माना वर करून बघायला लागले. त्या दिवशी तो चहा प्याला, पण पैसे त्यानंच दिले.

यशवंत वारल्यावर पंधरा दिवसांनी सौंसरचा पंप बंद पडला. एक सुटा भाग इंदूरहून यायचा होता, गाडी वाटेत अडकली. मी आणि माझे दोन मिस्त्री पंपघरातून हललो नाही. शेवटी पाण्याची धार सुटली तेव्हा आम्ही तिघंही नखशिखान्त भिजलो, ओरडलो, नाचायचंच बाकी होतं! ऑपरेटरनं रजिस्टर पुढं केलं. सव्वीस तास झाले होते. "भाऊ, चोवीसच लिहून टाका," तो म्हणाला, "आता कोन पाहून राहिलं?" खरंच होतं. तपासणाऱ्याच्या रकान्यात वरपासून यशवंतच्या सह्या होत्या, बारीक, सरळ, आणि आमच्या नोंदीपुढची जागा कोरी होती.

दंड माझ्याच बिलातून कापला जाणार होता. मी सव्वीस लिहिले.

ऑपरेटरनं रजिस्टर परत ओढून घेतलं. "सोमकुवर साहेब असते तर दंड लावलाच असता," तो म्हणाला.

"लावलाच असता," मी म्हटलं, आणि मला इतका आनंद झाला की रडू आलं.