बाच्या झोपाळ्यावरचा डाग

अख्ख्या उधन्यात उन्हाळी झाडांची पारख माझ्याएवढी कोणाला नाही. निवडुंगसुद्धा मी पाणी पाजून पाजून मारलाय.

आम्ही राहतो गच्चीवरच्या खोलीत, डोक्यावर पत्रा. खाली घरमालकीण, म्हातारी, एकटी. सगळी गल्ली तिला बा म्हणते, म्हणून आम्हीपण बा म्हणतो. उन्हाळा लागला की पत्रा असा तापतो की दुपारी आत झोपलेला माणूस पापडासारखा कडक होऊन उठतो. बायको म्हणाली, दाराशी चार झाडं ठेवू, डोळ्याला तरी गार वाटेल. बाला विचारायला गेलो. तिनं झोपाळ्यावर बसल्या बसल्या छताकडं बोट केलं.

"झाड राख, भाई. पण पाणीनुं एक टीपुं नीचे आव्युं, तो रूम खाली."

एक थेंब खाली आला की खोली खाली. ही गंमत नव्हती. आमच्या आधीचा भाडेकरू मोरीच्या गळतीपायी गेला, त्याची खाट जिन्यावरून उतरवायला मीच हात लावला होता. आणि आम्हाला ही खोली सोडायची नव्हती. मी साड्या विणतो तो लूमचा कारखाना चालत जाण्याएवढा जवळ, पोरीची शाळा मागच्या गल्लीत. दुसरीकडं खोली बघायला गेलं की लूमवाला म्हटल्यावर लोक आधी विचारतात, माणसं किती, पाहुणे किती, आणि मग म्हणतात, खोली तर कालच दिली.

म्हणून कमी पाण्याची झाडं आणायची ठरली. कामरेजच्या रस्त्याला एक नर्सरी आहे, तिथं गेलो. नर्सरीवाल्यानं विचारलं, "धूप कितनी आती है?"

"आती नहीं, हमारे साथ ही रहती है," मी म्हटलं. "भाड़ा भी नहीं देती."

तो हसला नाही. बायकोनं मला बाजूला सारलं. ती पारोळ्याकडच्या कोरड्या गावची. एकेक पान बोटात धरून दाबून बघत होती. पान जाड, आत पाणी धरून ठेवणारं, तर घ्यायचं. मोठं, मऊ, लाडावलेलं असलं तर नको. चिनी गुलाब घेतला, सदाफुली घेतली, एक बोगनवेल, आणि एक अडेनियम, बुडाशी माझ्या पोटासारखं फुगलेलं. मी एक झुपकेदार हिरवंगार झाड उचललं.

"ठेवा ते," ती म्हणाली. "ते तुम्हनासारखंच शे. दिनमां चार डाव मांगस."

कोरफड आणि निवडुंग तिनं माहेरच्या बांधावरून आणले होते. कुंड्यांत माती कमी, वाळू आणि विटांचा चुरा जास्त घातला. प्रत्येक कुंडीखाली ताटली. सगळ्या कुंड्या दाराशी मांडल्या, आणि आमचं दार येतं बरोबर बाच्या झोपाळ्याच्या वर.

आखाजीला लेकी माहेरी जातात, तशी बायको पोरीला घेऊन गेली. जाताना सांगून गेली, "बोट मातीत घाला. कोरडं निघालं तरच पेलाभर पाणी. पेला म्हंजे पेला." मी मान हलवली. मान मी फार चांगली हलवतो.

पण लूमवर धागा तुटला की हात आपोआप पुढं जातो. काही न करता नुसतं उभं राहायचं, हे मला कोणी शिकवलंच नाही. सकाळी रातपाळी करून यायचो, तर झाडं माझ्याकडं बघतायत असं वाटायचं. बोट मातीत घालायचो, ओलं निघायचं, तरी बादली ओतायचो. ताटल्या भरून वाहायच्या, त्या फडक्यानं टिपायचो आणि कूलर लावून झोपायचो. निवडुंग बुडाशी मऊ पडला. मला वाटलं, तहानलाय. आणखी घातलं. एके दिवशी तो दमल्यासारखा खाली बसला आणि उठलाच नाही.

त्याच दुपारी बाची खालून हाक आली. धावत गेलो. बा झोपाळ्यावर नव्हती, बाजूला काठी धरून उभी होती. छताला, झोपाळ्याच्या कडीशेजारी, पोळीएवढा ओला डाग.

"आ शुं छे?"

मी म्हटलं, "बा, गरमी बहु छे ने. छतनेय परसेवो वळे."

छताला घाम येतो, हे तिला पटलं नाही. "रविवारे कडियो आवशे," ती म्हणाली. "झाडनुं पाणी नीकळ्युं, तो सामान बांधजे."

कडियो म्हणजे गवंडी. मी वर आलो आणि झाडांचं पाणी एकदम तोडलं. पेलाभर नाही, थेंबभर नाही. वाचलेली बादली कूलरमध्ये ओतायला लागलो, कारण काळजीनं अंग फार तापायचं.

रोज कारखान्यातून आलो की आधी खाली डोकवायचो. "कैसे हो, बा?" तोंडानं बाला विचारायचो, डोळे छताला. डागाच्या पोळीचं ताट झालं. ताटाची परात झाली. बा आता झोपाळ्यावर बसतच नव्हती, खुर्ची टाकून डागाकडं तोंड करून बसायची. कारखान्यात धागे तुटत राहायचे आणि मी छताकडं बघत उभा. त्या आठवड्यात विणलेली साडी कोणी घेतली असेल तर तिच्या पदरात माझी घाबरगुंडी विणलेली आहे.

बायकोचा फोन यायचा. "झाडं कशी शेतस?"

"मजेत," मी म्हणायचो. आणि खरंच मजेत होती. पाणी तुटल्यापासून सदाफुली फुलावर आली. चिनी गुलाब रोज उन्हासोबत उघडायचा. वाळत चाललो होतो तो मी.

शनिवारी धीर सुटला. सगळ्या कुंड्या उचलून नाक्यावरच्या चहावाल्याच्या भिंतीला लावून आलो. पुरावाच नाही तर गुन्हा कसला!

रविवारी गवंडी आला. त्याच्यामागं बा, एकेक पायरी धापा टाकत. आणि बाच्यामागं, सकाळच्या गाडीनं उतरलेली माझी बायको, हातात पिशवी, बोटाला पोरगी. रिकाम्या गच्चीवर आम्ही सगळे उभे. बायको एकदा दाराकडं बघायची, एकदा माझ्याकडं.

गवंड्यानं फरशीला हात लावला. "ये तो सूखा है." मग तो दाराच्या कोपऱ्यात गेला, तिथं आमचा कूलर. खाली वाकला, हात घातला आणि ओल्या सुताचा एक बोळा ओढून काढला. पाणी भस्सकन सांडलं आणि भिंतीच्या फटीत दिसेनासं झालं.

कूलरचं बूच मागंच हरवलं होतं. मी त्या भोकात कारखान्यातलं टाकाऊ सूत कोंबलं होतं, वर पक्की गाठ मारून. लूमवाल्याला जगातलं सगळं सुतानं दुरुस्त होतं असं वाटतं. ते सूत पाणी पिऊन थेंब थेंब खाली सोडत होतं, आणि मी त्याच कूलरसमोर पोट उघडं टाकून झाडांची काळजी करत होतो.

मला आमची खाट जिन्यावरून उतरताना दिसायला लागली.

बानं माझ्याकडं बघितलंच नाही. तिनं बायकोला विचारलं, "झाड क्यां गयां?"

"चहावाल्याकडं," मी पुटपुटलो.

"पाछां लाव," बा म्हणाली. "ने आ कूलर नीचे उतार."

झाडं परत, कूलर खाली. खोलीचं नावच नाही, म्हणजे खोली राहिली. मग मला राहवेना. "चला," मी म्हटलं, "झाडं तर निर्दोष सुटली."

बायकोनं पिशवी खाली ठेवली, निवडुंगाच्या जागेकडं बघितलं आणि म्हणाली, "पुढला उन्हायाले झाडं अठे ऱ्हातीन. तुम्हीच गावले जा."