मनकर्णाबाईची अर्धी भिंत

आदिलाबादेत आमची सात घरं एका ओळीत होती, पण बाहेरून ती सात आहेत हे सांगूनही कोणाला पटत नसे. सारख्या पायऱ्या, सारखी निळी दारं आणि सातांवर मिळून एकच लांबलचक कवेलूचं छप्पर. निजामाच्या काळात एका जिनिंगवाल्या सेठाने मुनिमांसाठी ती बांधली. सेठ महाचिक्कू. दोन घरांत मिळून एकच भिंत घातली, त्यामुळे मधल्या घरांना बाजूला खिडकी मिळायचा प्रश्नच नव्हता. मिस्त्री मात्र डोकेबाज निघाला. त्याने प्रत्येक मधल्या भिंतीत, चुलीच्या वर, हातभर चौकोनी झरोका सोडला. वारा पहिल्या घरात शिरायचा आणि सगळ्यांचा धूर गोळा करत आमच्या सातव्या घरातून बाहेर पडायचा. कोणाकडे काय शिजतंय ते माझ्या आईला, मालनबाईला, बसल्या जागी कळायचं.

झरोक्यातून सकाळचा विस्तवही जायचा. कवेलूच्या तुकड्यावर निखारे ठेवून पुढच्या घरी सरकवायचे. नियम एकच: विस्तव वाऱ्याबरोबर जायचा, उलटा नाही. उलटा दिला तर ठिणग्या देणारीच्याच तोंडावर.

सत्तर सालाच्या आसपास तिसरं घर मोतीरामजींनी विकत घेतलं. तामसीकडचे, तालुका कचेरीत कारकून, बौद्ध. त्यांची बायको मनकर्णाबाई. तिचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या कपाशीत वाकून गेलेलं; पक्क्या भिंतींचं हे पहिलंच घर. आल्या आल्या तिने पायरी, दार, चूल सगळ्यांवरून हात फिरवला.

चौथ्या घरातल्या रेणुकाबाईंनी त्याच आठवड्यात मधला झरोका विटांनी बुजवला. "उंदरं येतेत," म्हणाल्या. उंदीर आधीच्या भाडेकरूच्या वेळीही येत होते, तेव्हा विटा सुचल्या नव्हत्या. खरं कारण साऱ्या ओळीला ठाऊक होतं. मला त्याचा आजही संताप येतो.

विटा लागल्या आणि वारा अडला. मनकर्णाबाईकडे पहिल्या दोन घरांचा धूर तुंबला, आणि रेणुकाबाईंपासून आमच्यापर्यंत सगळ्या बायका फुंकणी हातात घेऊन खोकू लागल्या. मोतीरामजी वैतागले.

"इकून टाकू घर. तामसीले परत जाऊ."

माझी आई पहार घेऊनच तिसऱ्या घरात गेली. "मनकर्णाबाई, तुमच्या बाजूनं एक दणका घाला. आमी काई पाह्यलं नाई."

मनकर्णाबाईने पहारीला हातही लावला नाही. "भिंत अर्धी माही, अर्धी तिची. माह्या अर्ध्यात मी काई बुजवलं नाई. तिनं बुजवलं, तिनंच काढावं. अन् घर मी इकत नाई."

मग रोज सकाळी ती आपल्या बाजूचा अर्धा झरोका सारवून लख्ख ठेवायची. धुराने डोळे लाल व्हायचे, पण ठेवायची.

श्रावणाच्या झडीत रेणुकाबाईंची काडेपेटी सादळली. त्यांनी पाचव्या घरात विस्तव मागितला. तिथल्या सुनेने गोड आवाजात ऐकवलं, "इस्तो उलटा जात नसते, बाई."

चहाची वेळ टळली. रेणुकाबाईंचा नवरा कुरकुरायला लागला. आई तेव्हा मनकर्णाबाईकडेच बसली होती, म्हणून पुढचं मला शब्दन्‌शब्द ठाऊक आहे. भिंतीत खरवडल्याचा आवाज झाला, एक वीट मागे सरकली आणि त्या भोकातून कवेलूचा तुकडा धरलेला हात आला.

"इस्तो आहे काय?"

मनकर्णाबाईने चिमट्यात निखारा उचलला आणि थांबली.

"एवढ्याशा भोकातून हात पोळन, बाई, तुमचा. अजून काढा."

दुसरी वीट निघाली. तिसरी निघाली. पलीकडून रेणुकाबाईंनी विचारलं, "ह्या ठेवू कुठं?"

"इकडं द्या."

एकेक वीट झरोक्यातून मनकर्णाबाईच्या हातात आली. शेवटची आली तेव्हा दोघी समोरासमोर झाल्या. रेणुकाबाई खाली पाहत होत्या. मनकर्णाबाईने कवेलू भरून निखारे दिले. दुपारी आमच्या घरात आईने नाक वर करून जाहीर केलं, तिसऱ्या घरात आज अंबाडीची भाजी आहे.

त्या विटा दोन्ही टोकांना रचून मनकर्णाबाईने वर एक फरशी टाकली आणि दाराशी दोघींपुरती बैठक केली. हळूहळू रेणुकाबाई संध्याकाळी तिथे टेकू लागल्या. कोणी नवी बाई आली आणि बैठकीचं कौतुक केलं की मनकर्णाबाई म्हणायची, "विटा रेणुकाबाईनं देल्ल्या हायेत." रेणुकाबाई थोड्या सरकून त्या बाईला जागा करून देत.