त्रिपोलियाचा हॉल्ट

दिघेसाहेब टांग्यात बसले की गार्ड व्हायचे. जयपूर स्टेशनाबाहेरून टांगा निघाला की ते खिशातला हिरवा रुमाल काढून बाहेर हलवत. चांदपोल दरवाजा आला की गंभीर आवाजात पुकारत, "चांदपोल, चांदपोल. उतरनेवाले उतर लें." रहमत टांगेवाला मुकाट्याने लगाम खेचायचा. कुणी उतरत नसे, कुणी चढत नसे. पुन्हा रुमाल, पुन्हा टापा. पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा वाटलं, गृहस्थ थट्टेखोर आहेत. पुढे छोटी चौपडच्या चौकात कळलं, की ते वेळापत्रक तपासताहेत.

मी तेव्हा पंचविशीतला, विम्याच्या कचेरीत बदलून जयपूरला आलेला. ते रेल्वेच्या सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले. मूळचे ठाण्याचे, काटकुळे, ताठ, आणि पँटीला सायकलची क्लिप लावणारे. सायकल नव्हतीच. "जन्मभर दुसऱ्यांच्या लायनी मोजल्या," ते म्हणत, "एक तरी माझी हवी." ती लाइन म्हणजे विजेवर चालणारी हलकी रेल्वे, स्टेशनापासून बडी चौपडपर्यंत, बाजाराच्या डोक्यावरून, खांबांवर. तिचा नमुना त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कायमचा उभा होता. काकू म्हणायच्या, "ताटं मांडायची तर आधी त्रिपोलिया बाजार उचलावा लागतो."

मी निव्वळ खोडी म्हणून भुयाराची बाजू घेतली. रेल्वे खालून न्या, म्हटलं. दिघेसाहेब चेकाळले. "जमिनीखाली दोघंच राहतात, उंदीर आणि बटाटा. तुम्ही यातले कोण?" संध्याकाळी त्यांच्या अंगणात आमची रोजची जुंपायची. ऐकायला आसपासची माणसं बसायला वेताचे मुढे घेऊन येत. एकदा मात्र ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "भांडा खुशाल. पण वरून झाली तरच ही लाइन होईल. खोदायला इथे कुणी पैसा देणार नाही. भुयार म्हणजे नकार, एवढं समजून असा."

आमच्या मराठी मंडळाने यावर जाहीर वादच ठेवला. पालिकेचे एक सभासद अध्यक्ष म्हणून यायचे होते. वरच्या लाइनीला सभेचा पाठिंबा दिसला तर योजना पालिकेपुढे ठेवतो, असा त्यांनी शब्द दिला होता. दिघेसाहेबांची झोप उडाली. आरशासमोर भाषणाची तालीम सुरू झाली.

त्यात त्रिपोलियातल्या मोहनलालजी कपडेवाल्यांचा निरोप आला. दुकानावरच्या हवेलीत त्यांच्या विधवा आत्या, बुआजी, राहत. त्या कधी बाहेर पडल्या नव्हत्या. जाळीच्या झरोख्यातून त्या टोकरी दोरीने खाली सोडत आणि भाजीवाल्याशी, फुलवाल्याशी, अख्ख्या बाजाराशी वरूनच घासाघीस करत. त्यांना रेलबाबूंशी बोलायचं होतं.

जेठातली भर दुपार. लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, वाहत होती. आम्ही गेलो, तर जिन्यावरच्या पडद्यामागून आवाज आला, "रेलबाबू, आपकी गाड़ी कितनी ऊँची चलेगी?"

"बस, आपके झरोखे के बराबर, बुआजी."

"डिब्बा टीन का?"

"जी."

"तो पहले छज्जे पर बैठकर आइए. वहाँ टीन की कुरसी रखवा दी है."

दिघेसाहेब हाडाचे सर्व्हेवाले. चाचणी नाकारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दहा मिनिटांत ते छज्ज्यावरच्या उन्हातून तांबडेलाल होऊन परतले. मग बुआजींनी आम्हाला तहखान्यात, तळघरात, धाडलं. खाली अंधुक गारवा, वाळ्याचा वास, कोपऱ्यात मडकं. गादीला पाठ टेकताच साहेब घोरू लागले. तासाभराने उठले, घोटभर पाणी प्याले आणि छताकडे बघत म्हणाले, "बटाटा मूर्ख नाही हो."

मी जिंकल्याच्या थाटात हसलो. वर आलो तेव्हा बुआजींनी शेवटचा प्रश्न टाकला, "और रेलबाबू, मेरी टोकरी कहाँ उतरेगी?"

"उसके लिए पटरी में एक खिड़की छोड़ देंगे."

"और मैं उसमें से पूरी गाड़ी को भाव बताऊँगी?"

साहेब जिना उतरू लागले. रस्त्यावर आलो. तेवढ्यात वरून टोकरी हेलकावे खात उतरली. भाजीवाल्याने तीत भेंडी टाकली, वरून आवाज आला, "सड़ी हुई है, अपनी सास को खिला," आणि भेंडी बदलली गेली. दोरी वर गेली. दिघेसाहेब मान मागे टाकून बघत राहिले. टांग्यात त्यांनी एकही स्टेशन पुकारलं नाही.

सभेला हॉल खचाखच भरला. मी भुयाराची बाजू घोटून गेलो होतो. पहिले उभे राहिले दिघेसाहेब, आणि त्यांनी भुयाराची बाजू मांडली. माझीच. तीही माझ्यापेक्षा दसपट रंगवून. उकाडा, गारवा, तहखाना, बटाटा, सगळं आलं. लोक टाळ्या पिटत होते. मग मला बोलावलं. माझ्याकडे बोलायला काही शिल्लकच नव्हतं. वाद तर व्हायला हवा, म्हणून मी घाम पुसत त्यांचे खांब उभे करू लागलो. हॉल हसून लोळला.

अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "दिघेजी, ज़मीन के नीचे जाने का पैसा तो हमारे पास है नहीं. तब तक ताँगे ज़िंदाबाद." विषय तिथेच संपला.

बाहेर मी विचारलं, "साहेब, हे काय केलंत? भुयार म्हणजे नकार, तुम्हीच म्हणाला होतात."

ते क्लिप नीट करत होते. "तिथे एक लाइन आधीपासून चालू आहे. वरून खाली, छोटीशी. चालू लाइन तोडून नवी टाकायची नसते. सर्व्हेत हे पहिल्या दिवशी शिकवतात." मग हळूच म्हणाले, "नमुना आता टेबलावरून हलवावा म्हणतो. हिच्या भाताला जागा होईल."

दोन वर्षांनी ते मुलाकडे ठाण्याला निघाले. सामान पुढे गेलं होतं, काकूही. स्टेशन एकीकडे, तर साहेबांनी टांगा दुसरीकडे वळवला. त्रिपोलियात झरोख्याखाली पुकारलं, "त्रिपोलिया. दो मिनट का हॉल्ट."

टोकरी खाली आली. आत कापडात बांधलेल्या पुऱ्या आणि कैरीचं लोणचं. साहेबांनी शिदोरी घेतली, खिसे चाचपले आणि हिरवा रुमाल घडी करून टोकरीत ठेवला. दोरी वर गेली. आम्ही तसेच थांबलो. घोडा कान हलवत होता. साहेबांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला.

मग जाळीच्या फटीतून हिरवं टोक बाहेर आलं आणि हलू लागलं.

"साहब," रहमत लगाम सैल करत म्हणाला, "गार्ड ने झंडी दे दी."