एक नंबरचा मान

तासगाव भागात द्राक्षं शेडमध्ये जाळीवर वाळत पडलेली असतात, तेव्हाच नेमका अवकाळी पाऊस येतो. एक सर आत शिरली की हिरवा बेदाणा काळा पडतो. म्हणून आम्ही दहा-बारा घरांनी छपरांवर छोटे अँटेना लावून गावापुरतं वायफायचं जाळं केलं. पश्चिमेकडच्या टेकडीवर पाऊस लागला की तिथला सेन्सर सर्व्हरला कळवतो, सर्व्हर शेडमधले भोंगे वाजवतो आणि आम्ही पडदे सोडतो. त्यासाठी सर्व्हरचा पत्ता कायमचा ठरलेला हवा, नाहीतर निरोप जायचा कुठं? पत्ता म्हणजे साधा नंबर, सर्व्हरचा एक; कुणाला कुठला नंबर, त्याची वही माझ्याकडं. या कामात गावात मला तोड नाही, आणि हे सांगायला मी लाजत नाही.

त्या वर्षी शेजारच्या काकूंनी द्राक्षं व्यापाऱ्याला न देता पहिल्यांदाच स्वतः बेदाणा घातला. म्हणाल्या, "तुझ्या भोंग्याच्या भरवशावर टाकलंय बाई सगळं." आणि एका दुपारी सर आली, तर भोंगा गप्प. काकू जेवत होत्या. उष्ट्या हातानं धावल्या, तरी वाऱ्याकडचे दोन रॅक भिजलेच. मला बोल लावायचा सोडून त्या भिजलेला माल वेगळा काढू लागल्या. ते जास्त झोंबलं.

सर्व्हर माझ्या शेडमध्ये, धडधाकट चालू. सेन्सरही ठणठणीत. शेवटी सर्व्हरची वायरच उपटली आणि फोनवरून एक नंबरला हाक मारून बघितली. एक नंबर म्हणाला, हाय की. सर्व्हर बंद आणि नंबर जिवंत, म्हणजे माझा नंबर कुणीतरी लावून बसलेलं. तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडला. पासवर्ड कंपनीनं दिलेलाच, तो बदलतंय कोण. समोर कॅमेऱ्यातलं अंगण आलं, आणि अंगणात बाजेवर शेंगा फोडत बसलेले आबा. जत्रेत पहिला नारळ यांच्या घराचा. जन्मभर फौजेत वायरलेसवर नोकरी केलेले, त्यामुळं असली कामं स्वतःच करणारे.

मी तरातरा गेले. "आवं आबा, कॅमेऱ्याला एक नंबर कुणी लावला?"

"मीच की, परवा. तुझी वही बघितली. गावात पयला मान आमचा, आन् एक नंबर शेडला? बरं न्हाई दिसत ते."

"एका नंबरावर दोन यंत्रं चालत न्हाईत. पावसाचा निरोप तुमच्या कॅमेऱ्याला गेला, आन् काकूंचा माल भिजला."

आबांचा हात शेंगांवर थांबला. "माज्यामुळं?"

"व्हय," मी म्हणाले, आणि मला माझीच वही आठवली. एक नंबर माझ्या शेडला दिला कुणी होता? सर्व्हरला दहा चालला असता, सत्तर चालला असता. वही माझ्या हातात, म्हणून मान मीच घेतलेला. आबांपेक्षा मला माझाच राग आला.

पण आबांच्या घरचा मान नुसता नारळाचा नव्हता. देवळातल्या दिव्याचं तेल वर्षभर त्यांच्याकडूनच जातं, आणि ते कधी चुकलेलं मी ऐकलं नाही.

"असं करू," मी म्हटलं. "एक नंबर तुमचा. पर मग सर्व्हर पण तुमच्याच घरात. बॅटरी तुमी सांभाळायची, रोज सकाळी भोंगा वाजवून बघायचा. कॅमेऱ्याला चाळीस."

आबांनी शेंगा बाजूला सारल्या. "म्हंजी तेलागत," म्हणाले.

"तेलागत."

आठ दिवसांनी भर दुपारी भोंगा वाजला. मी काकूंच्या शेडला पोचले तर पडदे खाली आलेले. वाऱ्याकडची दोरी धरून आबा उभे, डोक्याला पटका नाही, पायात चप्पल नाही. दुसऱ्या टोकाला काकू. पाऊस पडद्यांवर वाजत होता आणि आत सगळं कोरडं होतं.

माल उतरला तेव्हा काकूंनी हिरव्यागार बेदाण्याची पहिली ओंजळ आबांच्या घरी नेली. मीही बरोबर होते. आबांनी ती घेतली नाही.

"आदी त्या भिजल्याल्या रॅकातला आण," म्हणाले.

काकूंनी काळा बेदाणा आणला. आबांनी तो तोंडात टाकला आणि मान खाली घालून चावत राहिले. मग मीही हात पुढं केला.