एका हाताची कोंबडी, एका पायाचं डुक्कर

दोर्कासला आपण ओळखत होतो, असं सायमन नाउका मास्तर कधी छातीठोकपणे सांगणार नाहीत. समुद्रातल्या बेटावरचं इमारेव गाव ते केवढं, आणि त्यातही दोघांच्या घरांमध्ये फक्त दोन नीरफणसाची झाडं. शाळेत सहा वर्षं त्यांनी तिला शिकवलं होतं. तरी तिच्या डाव्या करंगळीचं टोक कशाने गेलं, चर्चमध्ये ती कायम दाराजवळच का बसायची, तिला सकाळी सकाळी एकटीला हसू कशाचं यायचं, यातलं काही त्यांना ठाऊक नाही. त्यांनी कधी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. त्यांना नीट ठाऊक आहे ती फक्त एक दुपार आणि तिच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. त्या दुपारी त्यांनी काय केलं नाही, हेही त्यांना चांगलंच ठाऊक आहे.

तिशीत असताना दोर्कास बाजारात भुईमुगाच्या शेंगा विकायला म्हणून शहरात गेली आणि आठवड्याने एक पिशवी आणि एक निळी छत्री घेऊन परत आली. तिथल्या बायकांच्या आधार केंद्राने तिला पाच दिवस शिकवलं होतं. पगार नव्हता, फोनमध्ये थोडे पैसे टाकून द्यायचे, तेवढंच. त्या दिवसापासून ती घरोघर फिरू लागली. धुण्याच्या दगडावर बायकांशेजारी बसायची, कुणाचा डोळा सुजलेला दिसला की दुसरीकडे बघत बोलायची. मार खाल्लेल्या बाईला ट्रकमध्ये बसवून दवाखान्यात न्यायची. पोलीस कावा, म्हणजे मुळाचा गुंगी आणणारा रस, पिऊन परत येईपर्यंत चौकीच्या पायरीवर बसून राहायची, आणि तो आला की त्याच्या हातात पेन द्यायची. गावातल्या पुरुषांनी तिचं नाव छत्री ठेवलं. "छत्री आली रे, बायका झाकून ठेवा," असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे. मास्तरही हसायचे. मोठ्याने नाही, पण हसायचे.

मार्चमधल्या त्या मोठ्या वादळाच्या आधी दहा दिवस याती नावाच्या माणसाने कोयत्याच्या दांड्याने बायकोचा, नोएलाचा, हात मोडला. चीफ कापेरे यांनी न्याय केला. यातीने एक कोंबडी आणि कावाचं एक मूळ नोएलाच्या भावाला द्यावं, त्या दोघा पुरुषांनी तो एकत्र प्यावा, आणि नोएलाने घरी जावं. दोघे प्याले. कोंबडी पुरुषांच्या भांड्यात शिजली. नोएला मात्र घरी गेली नाही. तीन मुलं घेऊन ती दोर्कासच्या स्वयंपाकाच्या झोपडीत येऊन राहिली. दोर्कासने वाटेत चीफना गाठून एवढंच विचारलं होतं, की त्या कोंबडीची एक तंगडी तरी हात मोडलेलीच्या ताटात पडली का. चीफ म्हणाले की ही रीत आहे. रीत नोएलाला जेवायला घालते का, असं तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ती पुढे गेली.

मग वादळ आलं आणि गावातलं एकही छप्पर जागेवर राहिलं नाही. दोर्कासच्या झोपडीचंही गेलं. नोएला तीन मुलांना घेऊन चार पत्र्यांच्या तुकड्यांखाली बसली होती. त्यावर ज्वालामुखीची राख मिसळलेला पाऊस पडत होता. धाकटं खोकत होतं.

मदत येणार म्हणून गावात समिती झाली आणि यादी करायचं काम मास्तरांकडे आलं. अक्षर चांगलं, पेन्सिली घरात. सरकारी फॉर्मवर 'कुटुंबप्रमुख' असा एक रकाना होता, त्यापुढे 'माणसं किती' असा दुसरा. मास्तरांनी दोन दिवस खपून बासष्ट नावं लिहिली. सगळी पुरुषांची. दोन विधवांच्या घरांपुढे त्यांनी त्यांच्या मुलांची नावं टाकली, त्यातला एक नऊ वर्षांचा होता. दोर्कासचा नवरा तीन वर्षं न्यूझीलंडमध्ये सफरचंदं तोडत होता, तरी तिच्या घरापुढे त्याचंच नाव. यातीपुढे 'पाच' असा आकडा. ओळी इतक्या सरळ आल्या होत्या की त्यांनी यादी दोनदा समोर धरून पाहिली.

दोर्कास आली. तिने यादी वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचली.

"मास्तर, या गावात बायका राहत नाहीत का?"

मास्तरांनी समजावलं की एका नावात सगळं घर येतं.

"मग नोएला कुठल्या घरात येते?"

त्यावर ते म्हणाले की नियम आहे. नियम नव्हता. फॉर्मवर कुठेही 'पुरुष' हा शब्द नव्हता. तो त्यांच्या डोक्यात होता, आणि वहीत उतरताना त्यांना तो दिसलाही नव्हता. हे त्यांना फार पुढे कळलं. तेव्हा ते इतकंच म्हणाले की चीफना विचारावं लागेल, आणि चीफना विचारायला ते गेले नाहीत.

यातीने तिकडे निरोप पाठवला होता: ताडपत्री माझ्या नावावर येणार आहे, भिजायचं नसेल तर ये. नोएलाने तो ऐकून घेतला आणि मुलाचं नाक पुसलं. ती दोर्कासला म्हणाली की आणखी एक पाऊस झाला तर जावंच लागेल. हाताचं प्लास्टर ओलं होऊन पिठासारखं गळत होतं.

दोर्कासने मदत पाठवणाऱ्या शहरातल्या कार्यालयाला फोन केला. तिकडून सांगण्यात आलं की काळजी करू नका, आमची संरक्षण अधिकारी स्वतः येणार आहे.

मदतीचा ट्रक सकाळी यायचा होता. नदीत अडकला आणि चार वाजता आला. नेहमी उतरतो तिथेच उतरला: वडाखालच्या नाकामालात, म्हणजे पुरुषांच्या अंगणात. सकाळी तिथून बाई गेली तर कुणी काही म्हणत नाही. दुपार कलली, मूळ चावून कावा काढायची वेळ झाली, की वडाच्या मुळांच्या आत बाईचं पाऊल पडत नाही. हे इमारेवमधल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. बायकांसाठी आलेली मदत बायकांनी पाय ठेवायचा नाही अशा जागी, अशा वेळी उतरवली, आणि यात काही चुकतंय असं तिथल्या एकाही माणसाला वाटलं नाही. मास्तरांनाही नाही. ते खोक्यावर यादी ठेवून बसले आणि नावं पुकारू लागले.

संरक्षण अधिकारी एक तरुण मुलगी होती, अंगात जाकीट, छातीशी कागद लावायची फळी. तीही बाई, म्हणून तीही रस्त्यावरच उभी राहिली, इतर बायकांबरोबर. रिवाजाचा मान राखते म्हणाली. फळीवरच्या कागदावर 'महिलांशी चर्चा झाली' अशा चौकटीत तिने खूण केली. चर्चा झाली होती, हे खरं. तिने शेजारच्या बाईला विचारलं होतं की शौचालय कुठे आहे.

नावं पुकारली जात होती. पुरुष एकेक करून येत, ताडपत्री, दोरी, तांदळाचं पोतं आणि एक निळी बादली घेऊन जात. बादली बायकांसाठी होती. आत साबण, महिन्याच्या दिवसांची कापडं, बायकांचे आतले कपडे, टॉर्च आणि एक शिट्टी. अडचणीत सापडलेल्या बाईने वाजवायची शिट्टी. बादल्या पुरुषांच्या मांडीवर उघडल्या गेल्या. कुणी ते कपडे डोक्याला बांधले. हशा पिकला. रस्त्यावर ज्यांच्यासाठी ते आलं होतं त्या उभ्या राहून बघत होत्या, आणि आपल्या चपलांकडे बघत होत्या.

"याती. पाच," मास्तरांनी पुकारलं.

यातीने सामान घेतलं, बादली उघडली, शिट्टी काढून गळ्यात घातली आणि रस्त्याकडे तोंड करून वाजवली. दोनदा. नोएला काखेतल्या पोराला घेऊन पाठमोरी झाली.

मास्तर अजून सांगतात की त्या शिट्टीचा आवाज त्यांच्या कानात आहे. शरमेची गोष्ट ही की तेव्हा त्यांनी पुढच्या नावावर बोट ठेवलं होतं.

ते नाव पुकारलं जायच्या आत दोर्कास मुळं ओलांडून आत आली. छत्री तिने रस्त्यावर कुणाच्या तरी हातात दिली होती. ती पळाली नाही, ओरडली नाही. शाळेत फळ्याकडे यायची तशीच चालत आली. हसणं मधेच तुटलं. कावाचं मूळ चावत बसलेल्या पोरांनी तोंडं झाकली. ती मास्तरांच्या खोक्यासमोर थांबली.

"लिहा मास्तर. नोएला. माणसं चार."

मास्तरांनी पेन्सिल उचलली. मग त्यांनी चीफकडे पाहिलं. चीफ कापेरे उभे राहिले होते.

"बाई, तू कुठे उभी आहेस, कळतंय का तुला?"

"कळतंय. दंड काय असतो तेही ठाऊक आहे, चीफ. एक डुक्कर. उद्या सकाळी आणते." तिचा श्वास जरा लागला होता, एवढंच. "डुक्कर जाणारच आहे, तर काम करूनच जाते."

मास्तरांचा हात हलला नाही. पेन्सिल कागदाला टेकली होती, पण हलली नाही. पासष्ट वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं पोरांना लिहायला शिकवलेला, आणि एका बाईचं नाव त्याला लिहिता आलं नाही. दोर्कासने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिने त्यांच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली, वाकली, आणि यातीच्या नावाखाली तिरप्या ओळीत लिहिलं: नोएला, चार. यातीच्या पाचावर काट मारून एक केला. त्याच तिरप्या ओळीसाठी मास्तरांनी एकेकाळी तिच्या बोटांवर पट्टी मारली होती.

याती पुढे सरसावला. चीफनी हात आडवा धरला. ते यातीला म्हणाले की दे तिला. यात न्याय वगैरे काही नव्हता, हे मास्तर ठामपणे सांगतात. बाई आत असेपर्यंत कावा काढता येत नव्हता आणि ऊन उतरत चाललं होतं. न्यायासाठी इतके दिवस जे हललं नाही ते कावासाठी एका क्षणात हललं.

दोर्कासने ताडपत्री खांद्यावर घेतली, बादली उचलली. यातीसमोर हात पसरून उभी राहिली, शिट्टी मिळेपर्यंत. तांदळाचं पोतं तिच्या एकटीच्याने उचलेना. कुणी उठलं नाही. मास्तरही नाही. तिने पोतं ओढत नेलं. तिच्या पावलांशेजारी राखेत उमटलेली ती ओढल्याची रेघ संध्याकाळभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डुक्कर आणलं. मोठं होतं. मुलाच्या सुंतेच्या जेवणासाठी दोन वर्षं नारळ खाऊ घालून वाढवलेलं. नवऱ्याने न्यूझीलंडहून फोनवर तिला काय काय सुनावलं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं होतं. दंडाची नोंद गावच्या वहीत मास्तर करत. ते वही घेऊन आले. चीफ आणि सहा-सात पुरुष मुळांच्या आत, दोर्कास बाहेर, डुकराची दोरी तिच्या हातात.

"नोंद वाचून दाखवा मास्तर," ती म्हणाली. "आधीचीही."

मास्तरांनी वाचली. आधीच्या पानावर एक कोंबडी आणि एक मूळ, नोएलाचा हात मोडल्याबद्दल.

"म्हणजे माझा पाय नोएलाच्या हातापेक्षा महाग," दोर्कास म्हणाली. "बरं झालं कळलं. आता दोन्ही एकाखाली एक लिहा. पान उलटायला लागू नये."

चीफ म्हणाले की जुनी नोंद परत कशाला. या वेळी मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते खाली बसले, मांडीवर वही ठेवली आणि नव्या पानावर लिहिलं. हात मोडला, एक कोंबडी. अंगण ओलांडलं, एक डुक्कर. खाली तारीख घातली. आयुष्यात त्यांनी धाडस म्हणण्यासारखं जे काही केलं ते एवढंच, दोन ओळींचं. तेही एक दिवस उशिरा.

त्या डुकराचं मांस गावाने खाल्लं. बायकांचा वाटा नेहमीप्रमाणे शेवटी आला. दोर्कासने आपला वाटा नोएलाच्या मुलांना दिला आणि स्वतः पानात भाजलेलं कंदांचं लापलापच खाल्लं. ती निळी ताडपत्री दोन वर्षं तिच्या अंगणात होती. नंतर नोएलाने बांबूचं घर बांधलं. याती अजून वडाखाली बसून कावा पितो. त्याच्याशी कुणी बोलणं टाकलं, असं काही झालं नाही. वहीतलं ते पान मात्र चीफना काढून टाकायचं होतं आणि मास्तरांनी वही दिली नाही.

पाच वर्षांनी पुन्हा वादळ झालं. पुन्हा फॉर्म आला, नावासाठी पुन्हा तोच 'कुटुंबप्रमुख' असा एकच रकाना. इतक्या वर्षांत कार्यालयातल्या एकालाही त्यात दुसरी रेघ मारायचं सुचलं नव्हतं. मास्तरांनी पट्टी लावून प्रत्येक पानावर ती मारली आणि बायकांची नावं लिहिली. ट्रक शाळेच्या मैदानात उतरवायला लावला. दोर्कासने यादी पाहिली. ओळी अगदी सरळ आहेत, एवढंच म्हणाली.

गेल्या वर्षी ती साखरेच्या दुखण्याने गेली. पाय आधी गेला, मग ती. कार्यालयाने चौकटीत बसवलेलं एक प्रशस्तिपत्र पाठवलं, आणि ते नाकामालात चीफच्या हाती दिलं गेलं, दुपारी चार वाजता. मास्तर तिथून उठून घरी आले. त्यांनी ते पाहिलं नाही.

ती शेवटची दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी ट्रकची वाट पाहत रस्त्यावर उभी होती. मास्तर आपल्या वाफ्यातले मुळे उपटत होते. काहीतरी बोलावं असं त्यांच्या मनात आलं, त्या पेन्सिलीबद्दल, त्या पोत्याबद्दल. पण सकाळची वेळ, ट्रक वळणावर आलेला, आणि अशा गोष्टी काढायच्या कशा, त्यांना कधी जमलं नव्हतं. तिनेच कुंपणावरून हाक मारली.

"मास्तर, माझ्या कोंबड्या तुमच्या वाफ्यात येतील. हाकला, पण दगड मारू नका."

"बरं," मास्तर म्हणाले.